मेक, हॅव, गेट की लेट: दुसऱ्याकडून काम करवून घेताना कोणते क्रियापद निवडाल?

‘मॅनेजरची सही घेतली’ एवढे मराठीत म्हटले की काम भागते. ती सही सहज मिळाली की मागे लागून, हे त्यातून कळत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापद निवडले की तेही सांगून होते.

‘आय मेड माय मॅनेजर साइन’ म्हणजे त्यांची इच्छा नसताना सही करायला लावली. ‘आय गॉट माय मॅनेजर टू साइन’ म्हणजे समजावले, पाठपुरावा केला, तेव्हा कुठे सही झाली. ‘आय हॅड माय मॅनेजर साइन’ यात जबरदस्ती नाही आणि मनधरणीही नाही, रीतसर सही करून घेतली एवढेच. ‘लेट’ वापरले तर तुम्हीच मॅनेजरला परवानगी दिलीत असे होते.

ऑफिसच्या ईमेलमध्ये माणसांसाठी ‘मेक’ टाळाच, असे माझे ठाम मत आहे. ज्याचे ते कामच आहे त्याच्यासाठी ‘हॅव’ आणि मन वळवावे लागले असेल तर ‘गेट’ घ्या. कर्ता निर्जीव असेल, तर ‘मेक’मध्ये सहसा सक्ती उरत नाही: ‘द न्यूज मेड मी क्राय’, बातमीने रडू आले.

रचनेत ‘टू’ फक्त ‘गेट’ला लागतो. ‘मेड हिम टू वेट’ चूक. पण ‘मेक’च्या कर्मणी प्रयोगात तोच ‘टू’ परत येतो: ‘ही वॉज मेड टू वेट’.

काम कोणी केले हे महत्त्वाचे नसेल, तेव्हा आपली खरी गफलत होते. सलूनमधून येऊन आपण ‘मी केस कापले’ म्हणतो आणि कोणाचाही गैरसमज होत नाही. ‘आय कट माय हेअर’ ऐकणाऱ्याला मात्र वाटते की कात्री तुमच्याच हातात होती. तिथे ‘आय हॅड माय हेअर कट’ हवे. बोलताना ‘गॉट’ही चालते. (घर बांधण्याबाबत इंग्रजीही सैल आहे: गवंड्याने बांधले तरी ‘वी बिल्ट अ हाउस’ खपते.) हाच साचा नुकसानीलाही वापरतात. ‘आय हॅड माय फोन स्टोलन’ म्हणजे फोन चोरीला गेला. कोणी मुद्दाम चोरवून घेतला असे समजत नाही.

शब्दांचा क्रम मात्र सांभाळा. ‘आय हॅड कट माय हेअर’ लिहिलेत, तर प्रयोजक (दुसऱ्याकडून करवून घेतल्याचा) अर्थ जातो, पूर्ण भूतकाळ होतो आणि कात्री पुन्हा तुमच्याच हातात येते.