आईची चार पायांची काठी: आठ महिन्यांनंतर

आईला मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली. पायांची जळजळ जुनीच. रात्री पांघरूणसुद्धा पायाला लागू देत नाही. गेल्या वर्षी म्हणायला लागली, "कापसावर चालल्यागत वाटतंय गं." आणि श्रावणात मोरीच्या उंबऱ्याशी पडली. हाड वाचलं, पण मंगळवार पेठेतल्या स्वतःच्या घरात ती भिंत धरून चालू लागली. म्हणून ॲल्युमिनियमची चार पायांची काठी आणली.

पहिला महिना फुकट गेला. दुकानात उंची अंदाजानं लावून दिली होती, त्यामुळं आई खांदा उचलून चालायची आणि मान धरायची. फिजिओथेरपिस्टनी तिला रोजची चप्पल घालून सरळ उभं केलं, हात मोकळा सोडायला लावला आणि काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आणली. बटण दाबून दोन भोकं खाली. कोपर किंचित वाकलेला राहिला. डावा पाय जास्त बधिर, म्हणून काठी उजव्या हातात. आम्ही नेमकं उलटं करत होतो. काठीच्या पायांची पसरट बाजू बाहेर ठेवायची, नाहीतर आपलाच पाय अडकतो.

आता मात्र काठीशिवाय ती उठत नाही. तळव्यांना जमीन कळत नाही, ती काठीवाटे हाताला कळते. आणि सोडली तरी काठी उभी राहते. देवापुढं दिवा लावताना दोन्ही हात मोकळे मिळतात, पडलेली काठी उचलायला वाकावं लागत नाही. माझ्या मते साध्या काठीपेक्षा जास्त पैसे द्यावेत ते एवढ्यासाठीच.

जिन्यावर ही काठी बिनकामाची. आमच्या जुन्या लाकडी जिन्याच्या पायरीवर चारही पाय मावत नाहीत, आणि अर्धी टेकलेली काठी धोक्याची. तिथं कठडाच बसवून घेतला. पावसाळ्यात ओल्या शहाबादीवरही मी तिला एकटी सोडत नाही.

काठी असूनही ती पहाटे तीनला लघवीला उठताना दोनदा झोकांडली. नसांच्या दुखण्यावर प्रीगाबालिनचा डोस नुकताच वाढवला होता, त्यानं गुंगी येते. शिवाय डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं केल्यावर बीपी मोजलं, तर वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरला. त्यांनी गोळ्या बदलल्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, तिनं बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून तेही तपासलं. ते कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. मनानं गोळी बंद करू नका, पण हे सगळं डॉक्टरांना विचाराच. आता आई आधी पलंगाच्या काठावर बसते, घोटे हलवते, मग काठी घेते. मोरीपर्यंत रात्रभर दिवा चालू असतो.

चपलेवरून मात्र वाद झाला. कोल्हापुरी सोडून मागं पट्टा असलेली एमसीआरची (मऊ रबराच्या तळाची) सँडल घालायची म्हटल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. चैत्रात अंबाबाईच्या देवळात दुपारी अनवाणी फिरली, आणि संध्याकाळी मी पाय धुताना तळव्याला टरारून आलेला फोड दिसला. तिला पत्ताच नव्हता. आता दर्शन पहाटे, सुती मोजे घालून, आणि सँडलही घालते.

गेल्या आठवड्यात काठीची खालची रबरं बदलली. एक झिजून आतली नळी उघडी पडली होती. ते आईनंच सांगितलं, "आवाज बदललाय बघ काठीचा."