स्वतःसारखंच दुसरं यंत्र घडवणारा थ्रीडी प्रिंटर: बांधावा की तयार घ्यावा?

पहिला थ्रीडी प्रिंटर आला की त्याच्यावरच दुसऱ्याचे भाग छापायचे, असं मनात असेल तर वेग किती, रंग किती, ही दुकानातली तुलना फारशी कामाची नाही. आधी बघायचं ते हे, की यंत्राचे आराखडे खुले आहेत का आणि बिघडलं तर ते आपल्या हाताने उभं राहतं का.

ही कल्पना इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातली. एड्रियन बोयर यांनी 2005 च्या सुमारास तिथे रेपरॅप प्रकल्प सुरू केला. यंत्राने आपलेच सुटे भाग छापायचे आणि आराखडे सगळ्यांना फुकट द्यायचे. ‘डार्विन’ हे त्यांचं पहिलं यंत्र. 29 मे 2008 रोजी त्याच्यावर छापलेल्या भागांतून दुसरं यंत्र उभं राहिलं आणि काही मिनिटांतच त्याने तिसऱ्यासाठी भाग छापला! मात्र नटबोल्ट सोडले तरी डार्विनचे जेमतेम निम्मे भाग छापता येत होते. मोटर, बेल्ट, सळ्या, सर्किट बोर्ड, हॉटएंड (प्लॅस्टिक वितळवणारं टोक) हे तेव्हा विकत आणावं लागे आणि आजही आणावं लागतं. जोडणारा माणूस तर लागतोच.

आय3 घराण्यातलं यंत्र

चेक प्रजासत्ताकातल्या योसेफ प्रुशा यांनी 2012 साली आणलेला आय3 हा खुल्या आराखड्यांचा नमुना. शिकायचं असेल तर माझं मत यालाच. पाच मोटरी, एक उभी चौकट, पुढेमागे सरकणारा बेड, म्हणजे ज्यावर वस्तू छापली जाते ती पाटी. कुठला भाग काय करतो ते नुसतं बघूनही कळतं. मोटरी आणि पॉवर सप्लाय मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत शोधा, बेअरिंगसाठी नागदेवी गाठा.

खरी परीक्षा छापलेल्या भागांची. 8 मिमीच्या सळीसाठी आराखड्यात बरोबर 8 चं भोक दिलं, तरी छापून येतं ते थोडं लहान. सळी ठोकून बसवली की थरांच्या रेषेवरच भाग उकलतो. अक्ष काटकोनात नसतील तर भोकंही तिरकी येतात. खाण तशी माती. म्हणून नकलेचे भाग छापण्याआधी 20 मिमीचा घन छापा, व्हर्नियरने तिन्ही बाजू मोजा आणि कोपऱ्यांना गुण्या लावून बघा. ही अर्ध्या तासाची मेहनत टाळू नका.

भाग पीएलए या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये छापू नका. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि मोटर, बेड दोन्ही तापतात. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लॅस्टिक घ्या. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, फिलामेंटचं (छपाईच्या प्लॅस्टिक तारेचं) रीळ सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवा; ओलं फिलामेंट छापताना तडतडतं आणि वस्तूवर बारीक तंतू सोडतं.

व्होरॉन

व्होरॉन हाही खुल्या आराखड्यांचा प्रकल्प. त्याची मंडळी यंत्र विकत नाहीत, फक्त आराखडे देतात. बांधलेलं यंत्र चालतं हे दाखवलं की त्याला अनुक्रमांक मिळतो. वेग आणि अचूकता जुन्या आय3च्या फार पुढची. पण छापायचे सगळे भाग एबीएस या प्लॅस्टिकचे, म्हणजे ते छापायला बंद पेटीचा प्रिंटर आधीच हाताशी हवा, आणि एबीएसच्या वाफेसाठी हवेशीर खोलीही. वायरिंग किचकट आहे. पहिलंच यंत्र म्हणून मी हे कुणाला सांगणार नाही.

तयार यंत्र

बांबू लॅबसारख्या कंपन्यांचं यंत्र खोक्यातून काढलं की त्याच दिवशी छापतं. ऑर्डरी पुऱ्या करायच्या असतील, घर त्यावर चालवायचं असेल, तर हेच घ्या. स्वतः बांधून पैसे वाचतात हा समज आता सोडून द्यायला हवा. सुटे भाग एकेक करून घेतले की बेरीज बहुधा तयार यंत्राच्या वरच जाते. पण या यंत्राची नक्कल त्याच्यावर होत नाही. सांगाडा कारखान्यातला, बोर्ड कंपनीचा, आराखडे बंद. बोर्ड गेला तर कंपनीकडेच जायचं.

तरीही एक वाट आहे आणि मला ती सगळ्यात पटते. तयार यंत्रावर आय3चे भाग छापायचे. ते यंत्र स्वतःची नक्कल करत नसलं, तरी नक्कल करणाऱ्याला जन्म देऊ शकतं. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक तयार यंत्र आणि त्याच्यावरून मुलांनी बांधलेलं एक आय3, ही जोडी मला दोन तयार यंत्रांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. मोटर कुठली, ती कुणाला ढकलते, थर का सरकला, हे मुलांना बंद खोक्यातून कधीच कळणार नाही.

बांधायचं ठरलं, तर यंत्र नीट चालू लागताच त्याच्याच एक्सट्रूडरच्या (फिलामेंट ढकलणाऱ्या जोडणीच्या) भागांचा जादा संच छापून बाजूला ठेवा. एक्सट्रूडर तुटल्यावर नवे भाग छापायला दुसरं यंत्र जवळ असेलच असं नाही.