महालातल्या बाइंडरकडे बांधलेली सारंगढच्या राजांची कात्रणे

माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते आणि छत्तीसगडमधील सारंगढचे शेवटचे संस्थानिक राजा नरेशचंद्र सिंह यांच्याविषयी वर्तमानपत्रांत जे जे छापून येई, ते कापून ठेवण्याचा त्यांना नाद होता. ती कात्रणे हात लावताच तुटू लागली, म्हणून मी ती महाल भागातील एका जुन्या बाइंडरकडे नेली.

काम मनापासून आवडले. त्यांनी प्रत्येक कात्रण कोऱ्या कागदावर केवळ वरच्या कडेने चिकटवले, त्यामुळे ते उचलून मागची बाजूही वाचता येते. खळ घरची, मैद्याची, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. जुजबंदीची, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवून जोडण्याची, शिलाई असल्याने वही टेबलावर सपाट उघडते.

“ताई, मुख्यमंत्री झाल्याची कात्रणे आधी लावू का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी तारखांचाच क्रम ठेवायला सांगितले. राजासाहेब १९४६ मध्ये गादीवर आले. छत्तीसगडच्या संस्थानिकांशी विलीनीकरणाची बोलणी सरदार पटेलांनी डिसेंबर १९४७ मध्ये नागपुरातच केली आणि १ जानेवारी १९४८ रोजी सारंगढ मध्य प्रांतात आले. पुढे १९५२ मध्ये तेथूनच निवडून येऊन हे गोंड राजे तेव्हाची मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या आमच्या नागपुरातल्या विधानसभेत बसले आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. गादी गेल्यावर मते मागून पुन्हा कारभारात येणे मला मुख्यमंत्रिपदाहून मोठे वाटते. १३ मार्च १९६९ रोजी ते संयुक्त विधायक दल या काँग्रेसविरोधी आघाडीचे मुख्यमंत्री झाले, मध्य प्रदेशचे पहिले आदिवासी मुख्यमंत्री, आणि २५ मार्चला पायउतार झाले. वहीत मात्र या तेरा दिवसांचीच कात्रणे सर्वांत जास्त आहेत. मंत्रिपदाच्या वर्षांची मोजकी, आणि नेमकी तीच आता कुठे सापडत नाहीत.

एक चूक झाली. कडा कापताना एका कात्रणाच्या समासात आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेली तारीख छाटली गेली. मला फार वाईट वाटले. बाइंडरकाकांनी चूक लगेच मान्य केली, यंत्राखालच्या कपट्यांतून ती बोटभर पट्टी शोधून काढली आणि कात्रणाशेजारी चिकटवून दिली. कामाला बारा दिवस लागले, साडेचारशे रुपये पडले. तुमच्या कागदांच्या समासात काही लिहिलेले असेल, तर कडा कापू नका असे त्यांना कागद देतानाच सांगावे.