लेबल पूर्व जर्मनीचे, बाहुला भलताच

नाताळच्या सजावटीतले नटक्रॅकर, म्हणजे पाठीची दांडी उचलली की जबडा उघडणारे रंगीत लाकडी शिपाई आणि राजे, जमवणाऱ्यांनी हा अनुभव अवश्य वाचावा; कारण ज्या विक्रेत्याने मला फसवले, त्याने सांगितलेला इतिहास खरा होता. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील झायफेन गावात खाणींचा धंदा बसल्यावर लोक लाकडी खेळण्यांकडे वळले आणि तेथील विल्हेल्म फ्यूश्टनर यांनी १८७०च्या सुमारास लेथवर कातून आजच्या धाटणीचा नटक्रॅकर घडवला, हे सारे त्याने जाहिरातीत नीट मांडले होते. आपला बाहुला त्याच गावचा असल्याचा त्याचा दावा होता आणि पुरावा म्हणून तळावरील पूर्व जर्मनीच्या लेबलाचे छायाचित्र जोडलेले होते. तो देश १९४९ ते १९९० एवढाच काळ अस्तित्वात असल्याने लेबलावरून वस्तूचे वय ठरते, हा युक्तिवादही बिनतोड होता. फक्त ते लेबल त्या बाहुल्याचे नव्हते.

पार्सल उघडले तेव्हा लेबलाची एक कड सुटलेली होती. ती अलगद उचलताच खाली अर्धवट खरवडलेला दुसरा कागद आणि त्यावर कुठल्याशा संकेतस्थळाच्या पत्त्याचे शेपूट दिसले. जो देश १९९० मध्येच संपला, त्याच्या मालावर संकेतस्थळ कोठून येणार? मग बाकीचेही नजरेत भरू लागले. दोन्ही बुटांच्या कडेने साच्याचा बारीक सांधा गेला होता, म्हणजे पाय लाकडाचे नसून रेझिनचे ओतीव होते. आणि दांडी पूर्ण उचलूनही तोंडात शेंगदाणा मावत नव्हता. शोभेच्या बाहुल्याने अक्रोड फोडावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते, पण जबडा निदान उघडायला हवा.

विक्रेत्याची खरी हुशारी पैसे घेण्यात होती. थोडी सूट देऊन त्याने रक्कम विक्रीच्या संकेतस्थळाबाहेर, थेट खात्यात मागवली, त्यामुळे खरेदीदाराला मिळणारे संरक्षण या व्यवहाराला लागूच झाले नाही. तक्रारीवर ‘जुन्या वस्तू आहेत तशाच विकल्या जातात’ एवढे उत्तर आले आणि पाठोपाठ खाते बंद झाले.

म्हणून पैसे देण्यापूर्वी लेबलाच्या चारही कडा, बुटांच्या बाजू आणि दांडी पूर्ण उचललेली स्थिती यांची छायाचित्रे, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून मागवावीत. टाळाटाळ झाली, तर व्यवहार तेथेच सोडावा. तीच जुनी छायाचित्रे अलीकडे दुसऱ्या नावाच्या खात्यावर झळकली आहेत आणि वर्णनात आता ‘अतिदुर्मीळ’ हा शब्दही वाढला आहे.