'द थिंग'वरचे दोन आरोप आणि एक तांब्याची तार

जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' हा भयपट २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत लागला आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या व्हिन्सेंट कॅन्बींनी त्याला सरळ कचऱ्यात काढलं. रॉजर ईबर्टनी चारपैकी अडीच तारे दिले. किळस आणण्याचं काम सिनेमा चोख करतो, पण पात्रं उथळ आहेत, अशी त्यांची तक्रार. 'सिनेफँटास्टिक' मासिकाने तर मुखपृष्ठावरच विचारलं, की आजवरचा सर्वांत तिरस्कृत सिनेमा हाच का? एनिओ मोरिकोनेंच्या संगीताला रॅझीचं, म्हणजे सर्वांत वाईट कामासाठीच्या थट्टेच्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं. दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाचा अमेरिकेतला गल्ला दोन कोटींच्या आतच अडकला.

वेळही वाईट होती. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' लागला होता आणि परग्रहावरच्या गोड पाहुण्यावर अख्खा देश जीव टाकत होता. 'द थिंग' लागला त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला, आणि तोही पडला. पण वेळ वाईट होती एवढंच म्हणून हा विषय सोडून देणं मला पटत नाही. समीक्षकांचे दोन नेमके आरोप होते: किळसवाण्या दृश्यांचा अतिरेक आहे, आणि माणसं कळत नाहीत. हे दोन्ही आरोप या सिनेमाची रचना न समजल्यामुळे झाले. (यापुढे कथानक उघड होणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर शेवटच्या तीन परिच्छेदांवर जा, तिथे कोणती प्रत कशी पाहावी ते आहे.)

मूळ गोष्ट जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची, १९३८ची. अंटार्क्टिकावरच्या तळावर बर्फातून सापडलेला परग्रहावरचा जीव समोरच्या प्राण्याची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे सोबत्यांपैकी माणूस कोण आणि नक्कल कोण हे ओळखता येत नाही. १९५१मध्ये या गोष्टीवर पहिला सिनेमा निघाला तेव्हा नक्कलेचा भाग गाळून टाकला होता. तिथला जीव म्हणजे वनस्पतीपासून झालेला एक धिप्पाड राक्षस. त्याच्याविरुद्ध सगळे एकजुटीने उभे राहतात, एकमेकांच्या तोंडातला शब्द काढून घेत भराभर बोलतात, थट्टा करतात. तो सिनेमा छानच आहे. पण १९८२चे अनेक समीक्षक डोक्यात तोच घेऊन आले आणि इथे ती दिलदार टोळी शोधत बसले. बिल लँकेस्टरच्या पटकथेने कॅम्पबेलची मूळ कल्पना परत आणली होती. त्या कल्पनेत एकजूट असूच शकत नाही.

तळावर बारा जण आहेत. मॅकरेडी हेलिकॉप्टर चालवतो, ब्लेअर जीवशास्त्रज्ञ, गॅरी तळाचा प्रमुख, कॉपर डॉक्टर, क्लार्क कुत्री सांभाळतो, नॉल्स स्वयंपाकघर. यांच्या घरी कोण आहे, लहानपण कसं गेलं, कोणाला कशाचं दुःख, यातलं काहीही सिनेमा सांगत नाही. आता विचार करा: सांगितलं असतं तर? प्रेक्षकाला मनातलं कळलेला माणूस नक्कल असूच शकत नाही. एका पात्राच्या मनात डोकावलं की ते पात्र संशयातून सुटतं आणि गोष्ट तिथेच फुटते. म्हणून कार्पेंटर आपल्याला तेवढंच दाखवतो जेवढं सोबत्याला दिसतं: कोण कुठे उभा होता, कोणासोबत होता, किती वेळ नजरेआड होता.

आणि हे सगळं तो अगदी काटेकोरपणे मांडतो. सुरुवातीचा कुत्रा घ्या. जेड नावाचा हा प्राणी अर्धा लांडगा, अर्धा मॅलम्यूट होता. तो रिकाम्या बोळातून सावकाश चालतो, एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाही, एका खोलीशी थांबतो आणि आत शिरतो. भिंतीवर एका माणसाची सावली वळते आणि पडदा काळा होतो. ती सावली कोणाची हे ओळखू येऊ नये अशीच घेतली आहे. पुढे पाऊण सिनेमाभर हा हिशेब उघडा राहतो.

किल्ल्यांचंही तसंच. साठवलेल्या रक्ताचं कपाट कोणीतरी उघडून सगळं रक्त नासवतं, आणि संशय गॅरी आणि डॉक्टरवर जातो, कारण किल्ली त्यांच्याच आवाक्यात. पण त्याआधीच्या एका दृश्यात रेडिओवाला विंडोज किल्ल्या घेऊन येतो, बेनिंग्जला त्या जीवाने वेढलेलं पाहतो आणि पळतो, तेव्हा किल्ल्या खणकन खाली पडतात. त्या कोणी उचलल्या, हे एकही पात्र विचारत नाही. ज्याने पाहिलं त्याने लक्षात ठेवायचं.

गॅरी प्रमुखपद सोडतो तेव्हा सूत्रं नॉरिसने घ्यावीत असं सुचवलं जातं. तो म्हणतो, मला नाही जमणार. पहिल्या वेळी हा साध्या माणसाचा साधा नकार वाटतो. पुढे त्याच्या छातीत कळ येते. नक्कल इतकी तंतोतंत, की दुखरं हृदयही उतरलं असावं. नॉरिस उठून दिसणारं पात्र असता, तर ही शक्यता कुणाच्या डोक्यातही आली नसती.

आता किळसवाण्या दृश्यांकडे. नॉरिस कोसळतो, डॉक्टर कॉपर त्याच्या छातीला विजेचे झटके देऊ लागतो आणि छातीच जबड्यासारखी उघडून डॉक्टरचे दोन्ही हात तोडते. हा शॉट दोन्ही हात गमावलेल्या एका माणसाला घेऊन, त्याला कृत्रिम हात लावून केला. ते हात मेणाच्या हाडांवर रबराच्या शिरा चढवून केलेले, त्यामुळे ते खरोखर तुटताना दिसतात. नंतर नॉरिसचं डोकं धडापासून ताणत सुटतं, जिभेने स्वतःला ओढत टेबलाखाली जातं, त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि ते चालू लागतं.

ही करामत रॉब बॉटिनची. काम सुरू झालं तेव्हा तो विशीत नुकता आला होता. वर्षाहून अधिक काळ तो आठवड्याचे सातही दिवस राबला आणि शेवटी थकव्याने रुग्णालयात दाखल झाला. त्याच्यावरचा बोजा इतका होता, की कुत्र्यांच्या पिंजऱ्यातलं पहिलं रूपांतर स्टॅन विन्स्टनच्या चमूने हातात घालायच्या बाहुलीच्या तंत्राने केलं. सामान बघा: फोम रबर, जिलेटिन, वितळवलेलं बबलगम, मेयोनीज, मक्याचा गिचका. डोकं ताणण्याच्या शॉटमध्ये गडबड झाली ती याच सामानामुळे. गरम प्लास्टिक आणि रबरातून ज्वालाग्राही वाफ निघत होती. आधीच्या शॉटशी जुळावं म्हणून कॅमेऱ्याजवळ ज्योत लावली आणि वाफेने पेट घेतला. शॉट परत घ्यावा लागला.

छायाचित्रकार डीन कंडीचं श्रेय यात मोठं आहे. ओलसर रबरावर सपाट प्रकाश टाकला की ते रबरच दिसतं. कंडीने लहान लहान दिवे लावले, फक्त चकाकणारे भाग उजळले, बाकी काळोखात सोडलं. त्यामुळे आकार कुठे संपतो हे कळत नाही आणि डोळा उरलेलं स्वतः भरतो. २०११च्या पूर्वकथेत संगणकावर केलेले जीव लख्ख दिसतात आणि पाच मिनिटांत त्यांची भीती संपते.

पण माझा मुख्य मुद्दा कारागिरीचा नाही. डोकं वेगळं होऊन पळतं हे पाहिल्यामुळेच मॅकरेडीला सुचतं, की या जीवाचा प्रत्येक तुकडा स्वतःपुरता एक जीव आहे आणि स्वतःचा बचाव करतो. मग रक्ताचा थेंबही तेच करेल. थेंबाला तापलेली तार लावली तर तो पळायला बघेल. म्हणजे समीक्षकांना जो अतिरेक वाटला, तो पुढच्या तर्काचा पुरावा आहे. ते दृश्य कापा, रक्ताची परीक्षा हवेत लटकते.

ती परीक्षा या सिनेमाचा कळस आहे आणि तिची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. मॅकरेडी आणि विंडोज सोडून बाकी सगळ्यांना बांधलेलं. विंडोज एकेकाचा अंगठा कापून काचेच्या बशीत रक्त काढतो. मॅकरेडी तांब्याची तार सोलतो, फ्लेमथ्रोअरच्या, म्हणजे आग फेकणाऱ्या यंत्राच्या, ज्योतीवर तापवतो आणि थेंबात बुडवतो. रक्त माणसाचं असेल तर फक्त चर्र होतं. आधी विंडोज, मग मॅकरेडी स्वतः, मग मेलेले डॉक्टर आणि क्लार्क. क्लार्कचं रक्तही चर्र होतं, आणि तोच क्लार्क थोड्या वेळापूर्वी मॅकरेडीच्या गोळीने मेलेला असतो. बांधलेल्यांपैकी चाइल्ड्स लगेच ऐकवतो, म्हणजे तू खुनी ठरलास. एवढ्या चार-पाच चटक्यांत आपल्या कानाला लय बसते: तार, चर्र, पुढचा. पार्श्वसंगीत नाही. आता पामरची बशी. नेमक्या त्याच वेळी गॅरी वैतागून म्हणतो, याने काहीही सिद्ध होत नाही. मॅकरेडी मान वर करून त्याला सुनावतो, की तुला असं वाटणारच, तुझी पाळी शेवटी. आपलं सगळं लक्ष गॅरीकडे, मॅकरेडीचंही गॅरीकडे, हात मात्र सवयीने बशीत जातो. आणि रक्त किंचाळून उडतं.

दचकवण्याची ही जागा सिनेमाच्या शाळांत शिकवावी अशी आहे. त्यानंतर फ्लेमथ्रोअर ऐनवेळी पेटत नाही, विंडोज थिजून उभा राहतो आणि जातो. पामर तोवर चेष्टेखोर, बिनमहत्त्वाचा, कोपऱ्यातला. त्याची अधिक ओळख करून दिली असती, तर थेंब उडण्याआधीच आपण त्याच्याकडे बघत बसलो असतो.

दोष आहेत. नॉल्स शेवटाकडे तळघरात एका बाजूला चालत जातो तो परत दिसतच नाही. तो गेला कसा, हे गूढ ठेवल्यासारखं नाही, राहून गेल्यासारखं वाटतं. अखेरचा महाकाय अवतार आधीच्या रूपांतरांपुढे फिका आहे. पडद्यावर एकही बाई नाही हा आक्षेपही येतो, पण एकमेकांना कंटाळलेल्या पुरुषांचा तळ म्हणून मला ते खटकत नाही. मोरिकोनेंच्या संगीताबद्दल मात्र रॅझीवाल्यांची साफ चूक झाली. दोन ठोक्यांचा तो खालचा सूर नाडीसारखा चालतो आणि धोका दिसण्याच्या कितीतरी आधी छातीत बसतो.

शेवटच्या दृश्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. जळत्या तळासमोर मॅकरेडी आणि चाइल्ड्स बसलेले असतात, हातात स्कॉचची बाटली. चाइल्ड्सच्या तोंडातून वाफ दिसत नाही म्हणून तोच नक्कल, असा तर्क फार फिरतो. तो टिकत नाही. वाफ दिसणं न दिसणं प्रकाश कुठून येतो यावर ठरतं, नीट पाहिलं तर त्याचीही वाफ पुसट दिसते, आणि बर्फात गुडघ्यावर बसलेल्या बेनिंग्जच्या नकलेच्या तोंडूनही वाफ निघते. ती कसोटी सिनेमाने स्वतःच आधी खोडून ठेवली आहे.

आता पाहायचा कसा. लांबी १०९ मिनिटं, आणि तो सलगच पाहावा. चौकट २.३५ : १ अशी रुंद आहे. कडा कापून पडदा भरणारी प्रत घेऊ नका, कारण संशयित माणूस बरेचदा कडेलाच उभा असतो. अमेरिकी टीव्हीसाठी निवेदन घालून आणि काटछाट करून केलेली एक आवृत्ती आहे, ती टाळा. युनिव्हर्सलने २०२१मध्ये काढलेली ४के डिस्क उत्तम. बोळातल्या काळ्या कोपऱ्यांत तपशील राहतो, बर्फ पांढरा फक्क होत नाही. टीव्हीवरचा 'व्हिविड' मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. पहिल्यामुळे छायाचित्रकार डीन कंडीचा काळोख राखाडी होतो, दुसरीमुळे रबर रबर दिसायला लागतं.

आवाजासाठी स्पीकर साधे असतील तर हेडफोन लावा. सतत घोंघावणारा वारा आणि तारेचं चर्र एकाच वेळी ऐकू यायला हवं. लहान मुलांना दाखवू नका, आणि ज्यांना कुत्र्यांचे हाल बघवत नाहीत त्यांना आधी सांगा, कारण पिंजऱ्यातलं दृश्य अर्ध्या तासाच्या आतच येतं.

सबटायटल लावणार असाल तर एक खबरदारी घ्या. पहिल्याच प्रसंगात बंदूक घेऊन कुत्र्यामागे लागलेला नॉर्वेजियन माणूस जे ओरडतो, त्यात हा कुत्रा नाहीच असं तो स्वच्छ सांगत असतो. तळावरच्या कोणालाही ती भाषा येत नाही, आणि आपल्यालाही येत नाही म्हणूनच आपण त्यांच्या जागी उभे राहतो. काही प्रतींमध्ये त्या वाक्यांचं भाषांतर खाली येतं. पहिली दहा मिनिटं सबटायटल बंद ठेवा, मग चालू करा.