जर्मन बी1 साठी व्हीआर हेडसेट आणि एआय: चार महिने वापरल्यावर

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. जर्मनीला जायचं ठरवलंय आणि नर्सला तिथे साधारण बी2 पातळीचं जर्मन लागतंच, त्यामुळे ए1, ए2, बी1 असं एकेक करत चाललेय. बी1 चे चार मॉड्यूल, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात 100 पैकी 60 हवेत. माझे तीन पहिल्याच वेळी निघाले आणि श्प्रेशेन म्हणजे बोलण्याचं 51 वर अडकलं. क्लास चांगला होता, सरांनी व्याकरण घोटून घेतलं होतं, पण बॅचमध्ये पंचवीस जण, मग तोंड उघडायची पाळी आठवड्यातून पाच मिनिटं येणार, आणि ड्यूटी करून घरी आल्यावर मी जर्मन बोलू कुणाशी?

मामेभाऊ दुबईला असतो, तो फेब्रुवारीत लग्नाला आला तेव्हा त्याचा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी संगणकाचं जग दिसतं ते यंत्र, घेऊन आला होता, माझं रडगाणं ऐकून म्हणाला ताई चार महिने ठेव तुझ्याकडे. त्यात भाषा शिकायचं एक ॲप टाकलं, महिन्याची फी भरून. ॲपचं नाव देत नाही, कारण ही ॲप सारखी बदलतायत आणि मी लिहितेय ते अशा बऱ्याच ॲपना लागू पडेल. व्हीआरमध्ये भाषा शिकणं तसं नवीन नाही, मोंडली नावाच्या भाषेच्या ॲपचं व्हीआर 2017 मध्येच आलं होतं, पण तेव्हा संवाद ठरलेले असायचे. आता समोरच्या पात्रामागे चॅटजीपीटीसारखा एआय असतो, त्यामुळे आपण काहीही बोललो तरी ते त्यावर उत्तर देतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

माझ्या ॲपमध्ये हॉटेल, स्टेशन, भाड्याचं घर असे बरेच सीन होते, पण मी राहिले ती हॉस्पिटलच्या वॉर्डात. कॉटवर एक आजी, बाजूला खिडकी, जेवणाचा ट्रे. पहिल्या दिवशी आजींनी माझ्याकडे मान वळवून बघितलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना, सात वर्षं रोज पेशंटशी बोलणारी मी. आपल्याकडे पेशंटला आपण पटकन मावशी, काका, आजी म्हणतो आणि तिथूनच बोलणं सुरू होतं, तिथे मात्र फ्राउ म्हणजे श्रीमती आणि पुढे आडनाव, आणि झी म्हणजे तुम्ही, ही गोष्ट पुस्तकात दहादा वाचलेली असून कॉटपाशी उभं राहिल्यावरच अंगात उतरली. मग विचारलं, "वो टूट एस वे?", कुठे दुखतंय. आजींनी गुडघ्यावर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. मला अर्धंच कळलं, परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं. क्लासमध्ये तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मागे लोक थांबलेले असतात. इथे मी एकच वाक्य आठ वेळा म्हटलंय आणि त्या चार भिंतींत कुणीही उसासा टाकला नाही. माझ्यासाठी सगळे पैसे इथेच वसूल झाले.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे वस्तू हातात घेता येते. ट्रेमधला चमचा उचलला की डेर ल्योफेल ऐकू येतं, काटा उचलला की डी गाबेल, सुरी उचलली की डास मेसर. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून सगळे घाबरवतात, पण अहो आपल्या मराठीत तीनच आहेत की, तो ती ते! डास किंड म्हणजे ते मूल, डेर मोंड म्हणजे तो चंद्र, हे तर फुकटात मिळालं. जिथे जुळत नाही तेवढंच पाठ करायचं, तो काटा तिथे ती आणि ती सुरी तिथे ते. हातात धरून शिकलेले असे साठेक शब्द मी अजून विसरले नाहीये, वहीत लिहिलेले कितीतरी उडाले.

तसंच क्रियापदाचं. वाइल आलं की क्रियापद शेवटी, "वाइल झी फीबर हाबेन", कारण तुम्हाला ताप आहे, हाबेन शेवटी आणि आहे पण शेवटी. इंग्रजीतून जर्मन शिकताना हा नियम डोक्यावर बसतो, मराठीतून बघितलं तर तो आपलाच आहे. उच्चाराचं पण सांगते, श्मेर्त्सन म्हणजे वेदना, त्यातला त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च, इंग्रजीच्या सवयीने झ म्हणू नका. मी झ म्हटलं की आजींना कळायचं नाही, च म्हटलं की लगेच कळायचं.

आता जे खटकलं ते. हा एआय फार समजूतदार आहे आणि परीक्षेसाठी ते वाईट आहे. मी घरी गेले हे सांगताना मी "इश हाबे" गेगांगेन म्हणत होते, तिथे "इश बिन" पाहिजे, कारण जाण्या-येण्याच्या क्रियापदांना भूतकाळात बिन लागतं. आजी हसून म्हणायच्या छान, आणि पुढचा प्रश्न. तीन आठवडे मी चुकीचं वाक्य झोकात बोलत राहिले आणि ते जिभेवर बसलं. क्लासच्या सरांनी पहिल्याच वाक्याला थांबवलं. ती सवय मोडायला मला अजून दोन आठवडे लागले, आणि याचा मला खरंच राग आहे, कारण पैसे भरून शिकणाऱ्याला चूक सांगणं हे पहिलं काम आहे. एकदा तर व्हीलचेअरला डास सांगितलं, रोलश्टूल डेर आहे. तेव्हापासून शंका आली की डुडेन हा जर्मन शब्दकोश उघडते.

आणि ऐकायला मिळतं ते सगळं स्वच्छ पुस्तकी जर्मन. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, आपल्याकडची बरीच मुलं-मुली तिकडे जायची तयारी करतायत, पण तिथल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी श्वेबिश ही तिकडची बोली असते, इश म्हणजे मी, त्याचं नुसतं इ होतं आणि निश्त म्हणजे नाही, त्याचं नेट. माझी मैत्रीण तिकडे एका वृद्धाश्रमात लागलीय, ती सांगते पहिला महिना काही कळत नव्हतं. पुस्तकी मराठी शिकून कुणी थेट मालवणात उतरावं तसं. ॲपमध्ये याचा पत्ताच नाही.

हेडसेट अर्धा किलोच्या आसपास आहे, चष्म्यावर दाबतो, एप्रिल-मेमध्ये कपाळाचा फोम घामाने चिंब होतो. बॅटरी दोन तास. पंखा फुल असला की माइकला माझं बोलणं नीट ऐकू जात नाही. चालताना मळमळतं, कारण डोळ्यांना चालणं दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला शरीर जागच्या जागीच वाटतं, म्हणून मी खुर्चीत बसून एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारायचा पर्याय लावते, वीस मिनिटांच्या वर नाही. भावाने हा 40 हजारांच्या पुढे देऊन घेतलाय, फक्त भाषेसाठी विकत घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. मित्राकडे पडून असेल तर महिना-दोन महिने मागून घ्या.

परीक्षेचं म्हणाल तर श्प्रेशेनमध्ये जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं, मग एका विषयावर बोलायचं आणि मग त्यावर प्रश्नोत्तरं. यातल्या ठरवण्याच्या भागाला व्हीआरचा काहीच उपयोग झाला नाही, कारण एआय माझ्या प्रत्येक सूचनेला हो म्हणतो, जोडीदार नाही म्हणतो. तो भाग मी क्लासमधल्या एका मुलीबरोबर फोनवर केला, रोज रात्री दहाला. जूनमध्ये परत बसले, 72 आले.

हेडसेट भावाला परत गेलाय. आता बी2 साठी मोबाइलवरच एआयशी बोलते आणि सुरुवातीलाच मराठीत सांगून ठेवते: तू सत्तर वर्षांची चिडलेली पेशंट आहेस, भरभर बोल, माझं प्रत्येक चुकलेलं वाक्य तिथेच थांबवून मराठीत समजाव, दुरुस्त वाक्य माझ्याकडून वदवून घे, मी नीट म्हणेपर्यंत पुढे जाऊ नकोस, आणि माझं कौतुक करू नकोस. थोड्या वेळाने ते विसरून पुन्हा कौतुक करायला लागतं, तेव्हा परत सांगायचं.