कर्जमुक्तीवाली कंपनी (8 महिने) आणि मग वकील (5 महिने): वापरानंतरचा अनुभव

कंपनीला एकही स्टार नाही. वकीलबाईंना साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच, आणि तो कापणं मला अजूनही योग्य वाटतं.

22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीने चिपळूणच्या चिंचनाक्यावरचं माझं झेरॉक्सचं दुकान धुऊन नेलं. दोन मशीनं, लॅमिनेशन, कागदाच्या रिमा, सगळं चिखलात. परत उभं राहायला एका फायनान्सकडून लोन काढलं, त्याचे हप्ते भरायला क्रेडिट कार्ड घासलं, त्या कार्डाचं भरायला दुसरं. ज्यांना ही साखळी माहीत आहे त्यांच्यासाठीच लिहितोय. गेल्या वर्षी बेरीज केली तर 5 लाख 5 हजार.

तेवढ्यात मोबाईलवर कंपनीची जाहिरात आली, "निम्म्यात मिटवून देऊ". महिना 3,000 अधिक जीएसटी, म्हणजे 3,540. पहिले तीन महिने मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? गणपतीत आरती चालू असताना रात्री साडेआठला वसुलीवाल्याचा फोन यायचा. कंपनीतल्या मुलीने सांगितलं, सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेला लेखी तक्रार द्या, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार दिली, रात्रीचे फोन बंद झाले. तेव्हा मी चार स्टार वाटून मोकळा झालो होतो. ते परत घेतो.

कारण हप्ते थांबवा हेही त्यांनीच सांगितलं. थकलं की बँक खाली उतरते म्हणे. पण फायनान्सकडे माझे सही केलेले चेक पडून होते. त्यांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. चेक बाउन्स झाला आणि कलम 138 ची नोटीस आली. ती हातात पडल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर समोरच्याला केस टाकता येते. मी त्याच दिवशी फोटो पाठवला. उत्तर सतराव्या दिवशी आलं, "आपली तक्रार पॅनल वकिलांकडे दिली आहे." पॅनल वकील दिल्लीत, केस चिपळूणला. 28,320 रुपये गेले आणि त्या बदल्यात "माझ्या वकिलांशी बोला" असं छापलेलं एक लॅमिनेट केलेलं कार्ड मिळालं. लॅमिनेशन मी 20 रुपयांत करतो.

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे शोधायचं कसं हा प्रश्नच होता. पण माझ्या काउंटरवर कोर्टाचे कागद रोज येतात. मजकूर वाचत नाही, पानं लावताना नजर जातेच. एका बाईंचे कागद कायम स्वच्छ असायचे, पानांवर क्रमांक, टाचणीला पुरेसा समास, तारखेत खाडाखोड नाही. तेवढ्यावर गेलो.

व्हिडिओ बघून गेलेलो, त्यामुळे बसल्याबसल्या विचारलं, "मॅडम, 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात गरीब कर्जदाराला नव्याने सुरुवात करायची सोय आहे ना?" त्या म्हणाल्या, ती सोय अजून कुणालाच लागू केलेली नाही. त्या कायद्यातला व्यक्तींच्या दिवाळखोरीचा बाकीचा भाग चालू आहे तोही एखाद्या कंपनीच्या कर्जाला जे वैयक्तिक जामीन राहिले त्यांनाच, डिसेंबर 2019 पासून. आणि ती सोय उद्या लागू झाली तरी वर्षाचं उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत, आणि स्वतःचं घर नको. "यात बसणाऱ्याला बँक दारात तरी उभी करील का हो?"

मुंबईला नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, 1909 चा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. अर्ज रत्नागिरीला जिल्हा न्यायालयात, आणि कर्ज 500 रुपये असलं तरी करता येतो. ऐकून मला हसू आलं, बाईंना नाही. नादार ठरलं की मालमत्ता कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात. कारागिराची हत्यारं सुटतात, पण झेरॉक्स मशीन हत्यार की नाही यावर भांडावं लागेल. वर चेकची केस त्याने आपोआप थांबत नाही. "तुमचं दुकान चालतंय ना? मग नादारी कशाला, मांडवली करू."

केस लोकअदालतीत ठेवली. 3,20,000 चे 2,10,000 वर तुटलं, तीन हप्त्यांत. पैसे मुंबईच्या भावाने दिले, ते वेगळं ऐकून घ्यावं लागलं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी बाईंनी प्रत्येक ओळ वाचून दाखवली. सिबिलवर मात्र "क्लोज्ड" नाही, "सेटल्ड" लागतं, आणि पुढचं लोन मागताना ते दिसतं. फी 15,000, दोन भागांत. विधी सेवा समितीकडे 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर वकील फुकट मिळतो, बायकांना तर उत्पन्नाची अटच नाही, हे बाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं. माझं थोडं वर जात होतं. हळहळ राहिली.

आता अर्धा स्टार. त्यांच्या कारकुनाने माझ्या फाईलची 212 पानं कोर्टाजवळच्या दुकानात झेरॉक्स केली, 3 रुपयांनी. 636 रुपये! माझ्याकडे गिऱ्हाइकाला 2 रुपये, मला स्वतःला पडतं 60 पैसे. म्हणजे 127 चं काम. वर त्या मशीनचा ड्रम घासलेला, प्रत्येक पानावर डावीकडून काळी रेघ, आणि ती नेमकी रकमेच्या आकड्यातून गेलेली. 3,20,000 मधला 2 ओळखूच येईना. मी सगळी पानं घरी परत काढली आणि बदलून दिली. बाई म्हणाल्या, "अहो, पाचशे रुपयांसाठी एवढं?" पाच लाखांत बुडालेल्या माणसाला पाचशे काय असतात ते त्यांना कसं सांगू?

अपडेट: एक कार्ड अजून बाकी आहे, बोलणी चालू आहेत, हप्ता थांबवलेला नाही. बाईंच्या ऑफिसचे सगळे कागद आता माझ्याकडेच येतात. मागच्या महिन्याचं 840 रुपये बिल मात्र अजून यायचंय.